रामपत्रीची सोयरीक

देसाईबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बेचकी ताणून उभ्या होत्या. पन्नाशीच्या आसपासची बाई. अंगात पंजाबी ड्रेस, त्यावर पुरुषी फुल शर्ट, सलवार मोज्यांत खोचलेली आणि जळवा लागू नयेत म्हणून मोज्यांना तंबाखूची पूड चोळलेली. शाळा सुटल्यावर ओढ्याच्या वाटेनं मी घरी निघालो होतो. वर फांदीत एखादं पाखरू असणार असं वाटून मी ओरडलो, "ओ बाई, इथं शिकार बंद आहे!"

त्यांनी मान वळवली नाही. रबर सुटलं. दगडाला बांधलेली दोरी उंच फांदीवरून पलीकडे गेली. त्यांनी दोन्ही टोकं धरून हिसडा दिला, तशी एक डहाळी खाली आली आणि तिच्याबरोबर मूठभर लाल मुंग्या. त्या झाडत बाई म्हणाल्या, "झाली शिकार. आता हे जरा धरा."

मी डहाळी धरली. त्यांनी तिची दोन कोवळी पानं खुडून कागदाच्या पाकिटात घातली. नव्या बुटांच्या खोक्यात पांढऱ्या खड्यांची पुडी असते ना, तसले खडे त्या पाकिटात होते. पान लवकर वाळावं म्हणून. वर झाडाची खूण लिहिली आणि पाकीट पिशवीत टाकलं. बाकीची डहाळी मी हातात धरून तसाच उभा.

"टाका की आता," त्या म्हणाल्या. "नवरदेवासारखे काय उभे राहिलात?"

जोयडा तालुक्यात, बाजारकुणंगच्या पुढं आमची ओढ्याकाठची वाडी आहे. तिथल्या मराठी शाळेत मी मास्तर होतो. घराची मागची खोली रिकामी होती, ती बाईंनी एका हंगामापुरती म्हणून घेतली आणि पुढं बरीच वर्षं सोडली नाही. त्या धारवाडला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. सुट्टी लागली की पहिल्या गाडीनं इकडं. माहेर खानापूर तालुक्यातलं, त्यामुळं बोलणं आमच्यासारखंच. कॉलेजातलं मराठी त्या साहेबलोकांसाठी राखून ठेवत. वाडीत शिरल्या की "हाय", "न्हाई", "व्हय", आणि मधूनच कन्नड.

त्यांचं काम रामपत्रीवर होतं. रामपत्री म्हणजे जायफळाची रानातली बहीण. फळ तडकलं की आत बी दिसतं आणि बीवर लालसर जाळी गुंडाळलेली असते. ती जाळी म्हणजे पत्री. आमच्याकडं लोक ती वेचतात, वाळवतात, विकतात. झाड ओलाव्याचं, ओढ्याकाठचं. पूर्वी सगळं रानच होतं. मग खोऱ्यात भातखाचरं झाली, सुपारीच्या बागा झाल्या, आणि रानातली काही झाडं बांधावर, बागेत, एकेकटी उरली. बाईंचा प्रश्न एवढाच होता की अशी शेतात अडकलेली झाडं रानातल्या भाऊबंदांपासून तुटली का? त्यांची पुढची पिढी कशी निपजते? पानातून डीएनए काढला की कोण कुणाचा बाप, कोण कुणाची आई हे कळतं. त्यासाठी ती पाकिटं.

हे त्यांनी आमच्या शेजारच्या सोमा वेळीपला सांगितलं, तेव्हा सोमा पोट धरून हसला. "बाई, मान्साच्या बापाचा पत्त्या लागत न्हाई हितं, आन झाडाचा हुडकताय व्हय?"

"झाडं खोटं बोलत न्हाईत," बाई म्हणाल्या. "म्हणून सोपं जातंय."

त्यांना स्वयंपाक येत नसे आणि त्याची लाजही वाटत नसे. बिनदुधाचा चहा इतका कडू करीत की माझ्या बायकोनं, इंदूनं, एकदा घोट घेऊन तो सरळ अबोलीच्या आळ्यात ओतला. चूक झाली की स्वतःलाच शिव्या देत, "वत्सले, गाढवे!" तेही मोठ्यानं, रस्त्यात. झाडाला मिठी मारणाऱ्या, झाडाशी गप्पा मारणाऱ्या पाहुण्यांवर त्यांचा राग. कुळगीच्या निसर्गशिबिरात एकदा त्यांना बोलायला बोलावलं होतं. तिथं एकानं भारावून विचारलं, "मॅडम, झाडं तुमच्याशी बोलतात का?" बाई म्हणाल्या, "न्हाई. मी विचारते, ती गप्प बसतात. म्हणून तर धारवाडला यंत्र आहे."

आणि 'बहुतेक' हा शब्द त्यांना चालत नसे. कुणी म्हणालं, बहुतेक ते झाड यंदा फळलं नाही, की लगेच, "बहुतेक म्हणजे पाहिलंत की ऐकलंत?" हे इंदूनं उचललं. मी म्हणायचो, बहुतेक दूध उतू गेलं. ती आतून विचारायची, "पाहिलंत की ऐकलंत?"

बेचकीवरून एकदा त्यांना वनरक्षकानं अडवलं. परवाना दाखवला तरी त्याचा विश्वास बसेना. "पानासाठी बेचकी? कुणाला सांगताय?" बाईंनी भांडण केलं नाही. म्हणाल्या, "तुम्हीच पान निवडा." त्यानं मुद्दाम सगळ्यात उंच शेंड्याकडं बोट केलं. पहिला दगड चुकला. दुसऱ्याला डहाळी त्याच्या पायाशी. पुढच्या आठवड्यात तो दोघा सहकाऱ्यांना घेऊन आला, खास नेम बघायला. त्यांना चहा प्यावा लागला, तोही बाईंच्या हातचा.

सोमाच्या बागेजवळ, भाताच्या बांधावर एक जुनी रामपत्री होती. मोठी, दाट सावलीची. तिला मोहर भरपूर यायचा, पण फळ कधी धरलं नाही. सोमाच्या मते ती वांझ. सावलीनं भात खुंटून बसतं म्हणून तो ती तोडणार होता.

"वांझ न्हाई ती," बाई म्हणाल्या. "बाप्या हाय. रामपत्रीत नर झाड वेगळं, मादी वेगळं. ह्याला फळ कसं येईल? पण तुमच्या बागेतल्या झाडांना फळ येतंय ते कुणामुळं?"

"म्हंजे हा नुस्ता बसून खाणार?"

"घराघरात असतात की तसले. म्हणून तोडतात काय?"

सोमा हसला. पण बाई परीक्षांसाठी धारवाडला गेल्या आणि सोमानं झाड तोडलं. त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही. बांधाखालचं खाचर त्याचं सगळ्यात मोठं, आणि सावलीतल्या भाताचा पळंज, म्हणजे नुसता पोचट दाणा, तोच वर्षानुवर्षं झोडत होता.

बाई परत आल्या त्या थेट खोलीत न जाता बांधावर गेल्या. मी लांबून पाहत होतो. बुंध्यापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. खाली पडलेल्या फांदीवरची पानं हातानं चाचपून पाहिली, ती करपून कुरकुरीत झाली होती. मग घरी आल्या.  सोमाशी महिनाभर बोलल्या नाहीत. तो वाटेत भेटला की रस्ता बदलत. मला ते जरा पोरकट वाटलं, आणि तसं मी म्हणालोही.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडून वाईट शब्द जाईल म्हणून बोलत न्हाई. गेला की परत घेता येत न्हाई."

पुढच्या हंगामात सोमाच्या बागेतल्या झाडांना फळ फार कमी धरलं. त्याच्या पुढच्या हंगामात जवळजवळ धरलंच नाही. मोहर यायचा आणि झडून जायचा. वाडीत कुजबुज सुरू झाली. बाई पानं ओरबाडतात, म्हणून झाडं रुसली. कुणी म्हणालं, पाकिटात झाडाचा जीव भरून नेतात. शेवटी देवळासमोर बैठक बसली आणि बाईंना बोलावणं आलं. मी बरोबर गेलो.

सोमाच बोलला. खाली मान घालून, पण बोलला. "बाई, तुमच्यावर राग न्हाई. पन तुम्ही आल्यापास्नं झाडं फळायची थांबली. आता ह्या वाडीतली पानं खुडू नका. गावाचं म्हणणं हाय."

मला वाटलं, आता बाई त्या तोडलेल्या झाडाचं नाव काढणार. सगळी वाडी समोर होती. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी ते वाक्य उच्चारलं नाही.

"मला वाटतंय कशामुळं ते," त्या म्हणाल्या, "पण नुसतं वाटतंय. दोन हंगामांच्या मोहरावर मी काय शपथ घेणार न्हाई. पाऊस, ऊन, कीड, काहीही असंल. मला एक फांदी द्या. एकच. बाकीच्या झाडाला हात लावत न्हाई. फळ धरलं तर पुढचं बोलू. न्हाई धरलं तर पाकिटं घेऊन जाते."

बैठकीत कुणी हो म्हणेना. मग मागं बायकांत बसलेली सोमाची सून, यशोदा, उठली. म्हणाली, "एक फांदी द्यायला काय जातंय? तशी पन मोकळीच हाय." सासऱ्यासमोर ती पहिल्यांदाच बोलली असावी. सोमानं तिच्याकडं पाहिलं आणि नुसता हात हलवला. ती परवानगी.

पुन्हा मोहर आला तेव्हा बाई आणि यशोदा पहाटेच डोंगराच्या कडेला जाऊन नर झाडाची फुलं घेऊन आल्या, ओल्या फडक्यात. सोमाच्या बागेतल्या झाडाला बांबूची शिडी लावली. बाईंचे गुडघे तोवर कुरकुरायला लागले होते. त्या खाली शिडी धरून उभ्या राहिल्या आणि वर यशोदा, नराचं फूल मादीच्या फुलाला टेकवत. "हळू, चोळू नकोस, नुसतं टेकव," असं खालून चाललेलं. फांदी ओळखू यावी म्हणून यशोदानं जुन्या लुगड्याची चिंधी तिला बांधली.

सोमा त्या दिवशी मुद्दाम जोयड्याला गेला होता. पण नंतर मी पाहायचो, रोज सकाळी सुपारीला पाणी लावताना तो त्या चिंधीखाली थांबायचा. वर बघायचा. कुणी येताना दिसलं की खोऱ्यानं माती ओढायला लागायचा.

त्या फांदीला फळं धरली. शेजारची फांदी तशीच मोकळी. वाडीतला जो तो येऊन बघून गेला.   बाई आपल्या पाकिटांवर खुणा लिहीत ओसरीवर बसल्या होत्या. संध्याकाळी सोमा आला. पायरीवर टेकला. भाताबद्दल बोलला, रानडुकरांबद्दल बोलला, जोयड्याची गाडी वेळेवर येत नाही त्याबद्दल बोलला. इंदूनं चहा दिला तो प्यायला. आणि मग विचारलं, "अक्का, रानातला एक बाप्या माझ्या बांधावर कसा आणायचा?"

त्याआधी तो त्यांना बाईच म्हणायचा.

"आणता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "बी लावायचं आन वाट बघायची. पहिला मोहर येईस्तवर कळत सुद्धा न्हाई, नर हाय का मादी."

"किती वर्सं?"

"लई. तुमची-माझी सरतील कदाचित."

सोमानं कप खाली ठेवला. "मग लवकर लावाय पायजे," म्हणाला.

बाईंचं काम पुरं झालं तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली जी मला आजही मोठी वाटते. निष्कर्ष कुठं छापायला देण्याआधी त्या आमच्या शाळेत येऊन फळ्यापुढं उभ्या राहिल्या आणि ज्यांच्या झाडांची पानं घेतली होती त्यांना सगळं सांगितलं. आसपासच्या वाड्यांतले लोकही आले होते. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती.

त्या म्हणाल्या, "तुमच्या शेतातली म्हातारी झाडं रानातल्या झाडांइतकीच वेगवेगळी हायत. एकसारखं दुसरं न्हाई. मला आधी वाटलं, वा, शेतीनं काय बिघडलं न्हाई. मग त्यांची रोपं तपासली." फळ्यावर त्यांनी एक मोठं झाड काढलं आणि त्याच्याभोवती बारकी रोपं. "म्हातारी झाडं शेतात हायत, पण जन्मली रानात. तवा हितं रानच होतं. आजूबाजूला कितीतरी बाप, कितीतरी आया. ही रोपं मात्र शेतात जन्मली. मधे उघडं खाचर. फुलावरचे किडे चिलटाएवढे, ते एवढं ऊन ओलांडून पलीकडं जात न्हाईत, असं दिसतंय. मग ह्या सगळ्या रोपांचे आई-बाप तेच ते, मोजके. म्हातारी आहेत तोवर रान भरलेलं दिसणार. ती गेली की मागं उरणार ती सगळी एका घरची."

 मग सोमा बाकावरून उठला. "म्हंजे अक्का, एकाच कुळात सोयरीक."

"व्हय," बाई म्हणाल्या. खडू हातात तसाच. "व्हय सोमा. हे मला एवढ्या वर्षांत असं सांगता आलं न्हाई."

आमच्याकडं एका कुळात लग्न होत नाही. मुलगी दुसऱ्या वाडीतून आणायची, आपली दुसऱ्या वाडीत द्यायची, डोंगर ओलांडून. त्यामुळं पुढचं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच सुमारास बाहेरच्या एका संस्थेचे साहेब रामपत्रीची रोपं करायला आले. त्यांना रस्त्यालगतचं, भरपूर फळणारं एकच झाड पसंत पडलं. सगळं बी तिथूनच वेचायचं. हे बी दोन-चार दिवसांत सुकून मरतं, लांबून आणायचं तर हाल. त्यांचंही खरं होतं. बाई त्यांच्याशी शाळेत बसून शुद्ध कॉलेजातल्या मराठीत तासभर बोलल्या, मग इंग्रजीत बोलल्या, आणि साहेब मान डोलावत राहिले. "मॅडम, आधी रोपं तर होऊ द्या," एवढंच म्हणाले. बाई लाल होऊन बाहेर आल्या. मग सोमा आत गेला. तो काय म्हणाला ते आम्हाला बाहेरही ऐकू आलं, कारण तो कधी हळू बोलतच नसे. "सायेब, एका घरची पोरं गावभर वाटाय लागलाय. त्यास्नी उद्या नवऱ्या कुठनं आणायच्या?"

साहेबांना हसू आलं. पण त्यांनी विचारलं, "बी वेगवेगळ्या वाड्यांतून आणणार कोण?"

"आम्ही," यशोदा दारातून म्हणाली.

ते बियांचं आणणं म्हणजे वऱ्हाडच होतं. प्रत्येक वाडीनं आपल्या आणि रानाच्या कडेच्या, जितक्या सापडतील तितक्या झाडांखालचं बी वेचायचं, ओल्या गोणपाटात बांधायचं आणि जीपनं दुसऱ्या वाडीला पोचवायचं. जीप वाटेत बंद पडली. तर बायकांनी ओढ्यातून कळशीनं पाणी आणून गोणपाट ओले ठेवले. नुसतं बसायला नको म्हणून गाणीही म्हटली, लग्नातली. आमच्या वाडीत टोपल्या उतरल्या तेव्हा कुणीतरी त्यांना हळदकुंकू लावलं आणि उरलेलं कुंकू बाईंच्या कपाळाला. मला वाटलं आता त्या चिडणार, ह्यात शास्त्र कुठं आहे म्हणणार. त्यांनी कपाळ पुढं केलं. म्हणाल्या, "वरमाई कोण? मी का इंदू?"

सगळी रोपं जगली असं नाही. बरीच गुरांनी खाल्ली, काही वणव्यात गेली, एका वाडीत तर लावलेली सगळीच पाण्यावाचून मेली. पण ओढ्याच्या दोन्ही अंगांनी, डोंगरापासून खालच्या बागांपर्यंत, जिथं यशोदासारखी माणसं होती तिथं ती वाढली. उघड्या खाचरांच्या मधून सावलीची एक सलग वाट तयार झाली. सोमानं आपल्या बांधावर, भात बसलं तर बसलं म्हणत, त्यातली काही लावली. त्यांना मोहर येण्याआधीच तो गेला. बाई धारवाडहून आल्या. दिवसकार्याला पंगतीत सगळ्यांत शेवटी बसल्या.

त्यानंतर त्यांचं येणं कमी झालं. निवृत्त झाल्या, गुडघे पार गेले, मग दुसरा एक आजार निघाला, त्याचं नाव त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. तरी एका थंडीत आल्या, दोन दिवस राहिल्या. यशोदानं निरोप पाठवला होता की बांधावरच्या एका झाडाला पहिल्यांदाच मोहर आलाय. काठी टेकत त्या तिथवर गेल्या. यशोदानं फांदी वाकवली. बाईंनी एक फूल तोडून नखानं उघडलं, डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, आणि यशोदाच्या तळहातावर ठेवलं. "तूच बघ. मला आता नीट दिसत न्हाई." यशोदानं पाहिलं आणि सांगितलं. मादी होती. सासऱ्याला नर हवा होता म्हणून तिचं तोंड जरा उतरलं. बाई म्हणाल्या, "शेजारची अजून फुलायची हायत गं." एवढंच.

त्या गेल्याची बातमी पुढच्या पावसाळ्याआधी आली, फोनवर, त्यांच्या भाच्याकडून. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या थंडीत, जोयड्याला. परत जायला त्या माझ्याबरोबर जीपनं आल्या होत्या. माझं कचेरीत काम होतं. "तुम्ही तुमचं बघा मास्तर, गाडी आली की मी जाते," म्हणाल्या आणि रस्त्यापलीकडं स्टँडवर जाऊन बसल्या.

कचेरीच्या दारातल्या रांगेतून मला त्या दिसत होत्या. शेजारी एक बाई कोनफळं विकायला बसली होती. देसाईबाईंनी त्यातलं एक उचललं, उलटंपालटं केलं, काहीतरी विचारलं, हे कुठल्या रानातलं असं असावं. विकणारीनं आधी दुर्लक्ष केलं. मग तीही सरकून जवळ बसली. दोघींचं चांगलंच जमलं होतं. मी रांग सोडून तिकडं जायला निघालो, तर बाईंनी मला पाहिलं आणि तिथूनच हातानं दटावलं, जागा सोडू नका. मी थांबलो.

कोनफळं विकणारीनं हात लांब केला आणि डोंगराकडं बोट दाखवलं. मग त्याच्याही पलीकडच्या डोंगराकडं. देसाईबाई काठीवर भार देऊन अर्ध्या उठल्या, कपाळावर तळहात धरला आणि तिकडं बघत राहिल्या. तेवढ्यात धारवाडची गाडी आली आणि आमच्या मधे उभी राहिली.